कोळी निर्दोष ठरले तेव्हा

कोळ्याच्या अंड्यात पाठ कोणत्या बाजूला आणि पोट कोणत्या, हे सुरुवातीला ठरलेलं नसतं. खसखशीच्या दाण्याहून बारीक, दुधाळ, सगळीकडून सारखं गोल असं ते अंडं असतं. मग त्यात एका बाजूला पेशींची तबकडी जमते, तबकडीच्या मध्यावर थोड्याशा पेशींचा पुंजका तयार होतो, आणि तो पुंजका चालायला लागतो. खरोखरच चालतो. मधून निघतो आणि कडेला जाऊन थांबतो. ज्या कडेला तो पोचतो, ती त्या कोळ्याची पाठ. त्यानंतरच डोकं, पोट, पाय यांची कामं मार्गी लागतात.

हा प्रवास पाहण्यात माझी नोकरीची सगळी वर्षं गेली, आणि तीही भिलाईत. भिलाईत माणूस पोलाद पाहतो, फार तर पोलाद पाहणाऱ्यांना पाहतो. कोळ्याचे गर्भ पाहायला इथे कोणी येत नाही. बाहेरच्या मोठ्या प्रयोगशाळेत हे काम शिकले आणि आई आजारी पडली म्हणून परत आले. आई गेली, बाबा राहिले, मग मीही राहिले. एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची नोकरी मिळाली. प्राचार्यांनी जिन्याखालची एक खोली दिली. कोळ्यांना ती पुरेशी होती, मलाही झाली.

बाबा गोंदियाकडच्या खेड्यातून कारखान्यात आलेले. रोलिंग मिलच्या खडखडाटात त्यांची वर्षं गेली आणि कानही तिथेच गेले. रिसालीच्या आमच्या घरात मी जे बोले ते शेजाऱ्यांना ऐकू जाई, बाबांना जात नसे. एकदा मी त्यांच्या कानाशी ओरडून विचारलं, "लोक विचारतात तेव्हा तुम्ही काय सांगता, तुमची मुलगी काय करते म्हणून?"

"सांगतो, कॉलेजात शिकवते," बाबा म्हणाले. "कोळ्यायचं नाही सांगत."

"कावून नाही सांगत?"

"त्यायनं इचारलं, कोळ्याचं काय पाहून राहिली, तर मले का मालूम हाय?"

यावर मी त्यांना सगळं समजावून सांगायला बसले. पहिल्या दोन वाक्यांनंतर त्यांनी मान हलवायला सुरुवात केली. ऐकू न येणारा माणूस मान कधी हलवतो ते मला माहीत होतं. मी थांबले.

तर काम सांगते. घराच्या कोपऱ्यात वेडंवाकडं जाळं करणारा साधा तपकिरी कोळी असतो ना, तोच. प्रत्येकाला वेगळ्या बाटलीत ठेवायचं, कारण एकत्र ठेवले की एकच उरतो. खायला फळमाश्या द्यायच्या, प्यायला ओला कापूस. मादी अंडी घालते आणि भोवती रेशमाची पिशवी विणते. पिशवी फाडून अंडी तेलात टाकली की कवच काचेसारखं पारदर्शक होतं आणि आतलं सगळं मायक्रोस्कोपखाली दिसतं.

पाहून झालं की प्रश्न येतो, हे घडवतं कोण? जनुकं घडवतात, हे उत्तर पुस्तकात आहे. पण कोणतं जनुक काय करतं हे शोधायचं, तर ते गप्प करून पाहावं लागतं. कोळ्यांमध्ये याची एक सोय आहे. त्या जनुकाला गप्प करणारा पदार्थ अगदी बारीक काचेच्या सुईनं मादीच्या पोटात टोचायचा. मादीला काही होत नाही. ती खाते, जाळं विणते, अंडी घालते. फरक तिच्या अंड्यांत दिसतो. एक जनुक गप्प केलं की तो पुंजका मध्यावरून हलतच नाही, पाठ ठरत नाही. दुसरं एक आहे, त्याचं काम पोटावर पाय उगवू न देणं. ते गप्प केलं की आठाऐवजी दहा पायांची पिल्लं होतात. सुई आईला आणि बदल पोरांत, एवढं वाक्य लक्षात ठेवलं तरी माझा धंदा समजला म्हणायचा.

दहा पायांच्या कोळ्यांची बातमी एकदा कॉलेजाबाहेर गेली. नेहरू नगरमधल्या एका कोचिंग क्लासचे मालक आले. त्यांना एक कोळी बरणीत घालून काउंटरवर ठेवायचा होता. "मॅडम, मुलांना बघून वाटेल, जास्त मेहनत केली तर आपल्यालाही जास्त पाय फुटतील." मी सांगितलं, ही पिल्लं टिकत नाहीत, आणि जी बाहेर येतात ती एवढी लहान असतात की काउंटरवर दिसायची नाहीत. "मोठा नाही बनत का?" त्यांनी विचारलं. मग एक बाई जाळ्यांनी भरलेला डबा घेऊन आल्या. त्यांना कोणीतरी सांगितलं होतं, इथे जाळी विकत घेतात. त्या निराश होऊ नयेत म्हणून मी डबा ठेवून घेतला. जाळ्यात कोळी एकही नव्हता.

या सगळ्यात मला एकच सोबत होती. हेमलता. खोलीची झाडलोट आणि कोळ्यांचं खाणंपिणं पाहायला कॉलेजनं तिला दिलं होतं. ती बालाघाटकडची, नवरा नरेश कारखान्यात ठेकेदाराकडे कामाला, राहायला वैशाली नगरमध्ये सासूसोबत. पहिल्या दिवशी तिनं बाटल्यांच्या रांगा पाहिल्या आणि म्हणाली, "मॅडम, लोक झाडूनं काढते, तुमी पोसून राहिल्या?" दुसऱ्या दिवशी येणार नाही असं मला वाटलं होतं. ती आली, आणि वर्षानुवर्षं येत राहिली.

दिवसभरात मी मराठी बोलत असे ती तिच्याशीच. वर्गात हिंदी-इंग्रजी, स्टाफरूममध्ये हिंदी, घरी बाबांशी खुणा. हेमलता माश्या घालता घालता सासूचं, नरेशचं, नळाच्या पाण्याचं सांगे. मी मायक्रोस्कोपला डोळा लावून हूं हूं करे. तिनं मला विचारलं होतं की सुई टोचल्यानं काय होते, आणि मी तेच वाक्य सांगितलं होतं, सुई आईला आणि बदल पोरांत. तिला ते इतकं नवल वाटलं की तिनं घरी, नळावर, भाजी घेताना सगळीकडे सांगितलं. "आमची मॅडम कोळणीले सुई देते अन् तिच्या पोरायले दहा पाय येते." सांगताना ती 'आमची' म्हणायची, हे मला फार आवडायचं.

एका उन्हाळ्यात सगळे कोळी मेले. भिलाईचा मे महिना ज्याला माहीत आहे त्याला जास्त सांगायला नको. त्या खोलीचा एसी हेच कोळ्यांचं आयुष्य होतं. सुट्ट्यांत तो बंद पडला आणि कोणाच्या लक्षात आलं नाही. मी दार उघडलं तेव्हा गरम हवा अंगावर आली. बाटल्यांच्या तळाशी पाय पोटाशी घेतलेले कोळी पडले होते. अनेक पिढ्या जपलेला वंश होता तो. हेमलतानं एकेक बाटली उचलून हलवून पाहिली. कोणीच हललं नाही. "सगळेच?" तिनं विचारलं. मग खाली बसून ती बाटल्या धुवायला लागली.

कोळी नाहीत तर काम नाही, म्हणून तिला लायब्ररीत पाठवलं. मी नवीन कोळी जमवले ते पावसाळा सरत आल्यावर, जुन्या क्वार्टरांच्या गॅरेजमधून आणि जिन्यांखालून. हेमलता परत खोलीत आली तेव्हा तिचं पोट दिसायला लागलं होतं. लग्नाला बरीच वर्षं झाल्यावर दिवस राहिले होते, त्यामुळे घरात तिचे लाड चालले होते. मी तिला रसायनांच्या कपाटाजवळ जाऊ देत नव्हते आणि सुया टोचायचं काम तर पहिल्यापासून माझंच होतं. ती माश्या घाली आणि पोटावर हात ठेवून बाळाशी बोले. थंडीत ती रजेवर गेली आणि तिला मुलगी झाली.

मुलीचा डावा हात कोपराच्या जरा खाली संपत होता. बाकी सगळं ठीक होतं.

मला हे नरेशकडून कळलं. तो आईला घेऊन कॉलेजात आला, सरळ प्राचार्यांच्या खोलीत. मला बोलावलं तेव्हा त्याची आई उभी होती, बसायला तयार नव्हती. नरेश मला म्हणाला, "मॅडम, तुमीच सांगितलं होतं ना हेमाले? सुई मायले, बदल पोरात. आता माह्या पोरीचा हात कुठे गेला?"

प्राचार्य भले होते. ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "मैडम, मैं मानता नहीं यह सब. पर कुछ दिन कमरा बंद रखिए." बाकीच्या कामवाल्या बायकांनी तोवर त्या जिन्यावरून जाणं सोडलं होतं.

मी घरी जाऊन सगळं परत तपासलं. नरेशचा प्रश्न वेडा नव्हता, हे मला मान्य करायला हवं. त्याला माझंच वाक्य मिळालं होतं आणि ते त्यानं सरळ जोडलं होतं. कोळ्याच्या जनुकासाठी बनवलेला पदार्थ माणसाच्या गर्भाला काही करू शकत नाही, तो हाताला लागला तर तिथेच मोडून जातो, हे मला माहीत होतं. पण तेवढ्यावर माझं समाधान होईना. मग सुचलं. माणसाच्या पोरात हात बनतो तो दिवस राहिल्यावर दुसऱ्या महिन्यात. ते दिवस मोजले तर भर उन्हाळ्यात जात होते. त्या काळात खोलीत एकही कोळी जिवंत नव्हता. एकही सुई टोचली गेली नव्हती. हेमलता लायब्ररीत पुस्तकांवरची धूळ पुसत होती.

रविवारी सकाळी मी वैशाली नगरला गेले. हेमलता पलंगावर होती, शेजारी दुपट्यात मुलगी. सासूबाईंनी मला खुर्ची दिली. नरेश दारात उभा. मी शांतपणे, जेवढ्या सोप्या शब्दांत जमेल तेवढ्या शब्दांत सांगितलं. हात कधी बनतो, कोळी कधी मेले, नवीन कधी आणले, हेमलता तेव्हा कुठे होती. नरेशला कोळी मेल्याचं आठवत होतं. हेमलतानं त्या दिवशी घरी येऊन जेवण केलं नव्हतं म्हणे.

सासूबाई आता पहिल्यांदा बोलल्या. "म्हणजे कोळ्यायचं काही नाही?"

"नाही, काकू."

"पक्कं?"

"पक्कं."

"मंग कायनं झालं?"

"ते कोणालाच माहीत नाही," मी म्हटलं. "डॉक्टरांनाही नाही. पोटात हात बनताना पेशी एकमेकींना निरोप देत असतात. कधी एखादा निरोप पोचत नाही. आपोआप होतं. यात हेमलताचा काही दोष नाही."

"आपोआप काही होते का, मॅडम?" त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. त्या खरंच विचारत होत्या. "कोणाचं तरी असनच ना."

मी पुन्हा सांगितलं, कोणाचंच नसतं. तिसऱ्यांदाही सांगितलं. नरेशनं वळून हेमलताकडे पाहिलं. हेमलता माझ्याकडे पाहत होती. मग चहा आला. जाताना सासूबाई म्हणाल्या, "मॅडम, तुमाले बोललो, मनात ठेवू नका." नरेशनं दुसऱ्या दिवशी जाऊन प्राचार्यांना सांगितलं की गैरसमज झाला होता. खोली उघडली.

हेमलता मात्र परतली नाही. रजा संपली तरी आली नाही. तिचा फोन लागेना. मी वैशाली नगरला गेले तर सासूबाई दारातूनच म्हणाल्या, ती माहेरी गेली. का, ते त्यांनी सांगितलं नाही आणि पुढचं दार अर्धंच उघडं होतं. माहेर बालाघाटकडे एवढंच माहीत होतं; गाव कोणतं, ते मला कधी विचारायचं सुचलं नव्हतं. इतकी वर्षं ती बोलत होती आणि मी हूं हूं करत होते.

कॉलेजनं नवीन बाई दिली नाही. माश्या मी घालायची, बाटल्या मी धुवायची. काम चांगलं झालं त्या वर्षांत, हे सांगितलं पाहिजे. पुंजका चालायला निघतो तेव्हा कडेच्या पेशी त्याचं ऐकतात की तो त्यांचं, याबद्दल मला काही नवं दिसलं आणि ते छापूनही आलं. दूरदेशीच्या दोघातिघांनी मेल करून कौतुक केलं. त्या दिवशी मी स्टाफरूममध्ये पेढे ठेवले. "बेटी की शादी तय हुई क्या?" एका सहकाऱ्यानं विचारलं. मला मुलगी नाही हे त्यांना ठाऊक असायला हरकत नव्हती, आम्ही शेजारच्या टेबलांवर बसत होतो. मी म्हटलं, पेपर छापला. ते म्हणाले, वाह, आणि आणखी एक पेढा घेतला.

बाबांना घरी तो छापलेला लेख दाखवला. त्यांनी हातात धरला, चष्म्यातून माझं नाव शोधलं, त्यावर बोट ठेवलं आणि बराच वेळ ठेवूनच बसले. तेवढं झालं.

निवृत्त झाले तेव्हा त्या खोलीत परीक्षेचे कागद ठेवायचं ठरलं. कोळ्यांच्या थोड्या बाटल्या आणि कॉलेजनं जुना म्हणून काढून टाकलेला मायक्रोस्कोप घेऊन मी घरी आले. बाबा गेले ते मागच्या हिवाळ्यात. लोक आले, तेरा दिवस घर भरलं आणि मग एकदम रिकामं झालं.

त्यानंतर काही आठवड्यांनी, दुपारी, फाटकाशी हेमलता उभी होती. केस पांढरे व्हायला लागले होते. सोबत शाळेच्या वयाची मुलगी, डावी बाही दुमडून पिन लावलेली. "बाबा गेल्याचं कळलं," ती म्हणाली. "म्हटलं भेटून यावं."

मी चहा केला. ती नेहरू नगरमध्ये कोचिंगच्या मुलींच्या होस्टेलात स्वयंपाक करते, मायलेकी तिथेच राहतात. नरेश न्यायला आला होता, ती गेली नाही. हे सगळं तिनं बाबांच्या आजारपणाबद्दल विचारता विचारता सांगितलं. मग मी विचारलं, तू का गेलीस? मला न सांगता?

ती कपाकडे पाहत म्हणाली, "तुमी आल्या ना मॅडम, त्या दिवसापर्यंत सासू म्हणे, कोळ्यायनं हात खाल्ला. मी म्हटलं, म्हणू दे. कोळ्यायले काय फरक पडते? तुमी गेल्या, मंग माहं सुरू झालं. ग्रहणात बाहेर निघाली असन. पपई खाल्ली असन. इच्या माहेरात कोणाले तरी असन. नरेश तर म्हणे, मॅडमनं सांगितलं ना, कोळी नाही. मंग कोण?"

"पण मी सांगितलं होतं, तुझा दोष नाही."

"हो. तेही सांगितलं." तिनं मान हलवली. "तुमी खोटं बोलावं, असं नाही म्हणून राहिली मी. पण त्या दिवशी तुमी कोळ्यायले वाचवाले आल्या होत्या."

मी तिच्यासाठीच गेले होते, असं म्हणणार होते. तोंडापर्यंत आलं. पण ते पूर्ण खरं नव्हतं, आणि तिच्याशी अर्धं खरं बोलायची आता सोय नव्हती. आम्ही दोघी एकाच खोलीत इतकी वर्षं राहिलो आणि तिच्यावरचं एवढं मोठं संकट मला खोलीच्या कुलपाएवढंच दिसलं होतं.

तेवढ्यात आतून मुलगी ओरडली, "आंटी, इसमें क्या है?" ती मायक्रोस्कोपपाशी होती. मी जाऊन तिला तेलातलं कोळ्याचं अंडं नीट दाखवलं. तिनं एका हातानं स्टूल ओढलं, डोळा लावला.

"इसके पैर कहाँ हैं?"

"अभी बने नहीं."

"कौन बनाएगा?"

"ये सब मिलकर. एक-दूसरे को बताते हैं, तू यहाँ, तू वहाँ."

"और कोई सुने नहीं तो?"

"तो कुछ बनना रह जाता है."

"मेरे जैसा," ती म्हणाली, आणि डोळा न काढता स्क्रू फिरवत राहिली.

"हाँ," मी म्हटलं. "तेरे जैसा."

दारात हेमलता उभी होती. तिनं ऐकलं होतं. तिचा चेहरा मला वाचता आला नाही, मायक्रोस्कोपखाली सगळं वाचणाऱ्या मला. ती मुलीला म्हणाली, चल, स्वयंपाकाची वेळ झाली. मुलीनं कुरकुर केली. मी म्हटलं, पुन्हा घेऊन ये हिला, उद्यापर्यंत यात पाय दिसायला लागतील. हेमलतानं पदर सावरला.

फाटकापर्यंत मी गेले. "जातो, मॅडम," ती म्हणाली.

आमच्याकडे निघताना कोणी 'जातो' म्हणत नाही. कितीही घाई असली, भांडण झालेलं असलं, तरी 'येतो' म्हणतात. हेमलताला हे माझ्याइतकंच ठाऊक होतं. मुलीची भाषा हिंदी, तिला त्यात काही वावगं वाटलं नाही. ती हात हलवत पुढे निघालीसुद्धा.

"ये," मी म्हटलं.